गोमेचा भाव ठरवण्याआधी तिची कात बघा

गोमा पाळणाऱ्या, वाढवणाऱ्या आणि विकणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या हाम शहरात वर्षातून चारदा सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो. साप-सरड्यांची टेबलं मागे टाकून कोळी-विंचवांच्या रांगेत शिरलं की तिथेच गोमाही दिसतात. पारदर्शक डबी, तळाशी ओलसर टिश्यू आणि झाकणावर चिकटवलेली पट्टी. पट्टीवर लॅटिन नाव, सेंटिमीटरमध्ये लांबी, 'एनझेड' किंवा 'डब्ल्यूएफ' अशी दोन अक्षरं आणि युरोतली किंमत. हे पत्र त्या पट्टीबद्दल आहे.

पट्टीवर सगळ्यात महाग असतं ते नाव. 'देहानी' या जातीचं नाव लिहिलं असेल तर वीस-तीस युरोत भागतं. 'हार्डविकी' किंवा 'गालापागोएन्सिस' लिहिलं की आकडा शेकड्यात जातो. एका शब्दावर एवढा फरक पडतो, पण तो शब्द कुणी आणि कशाच्या आधारावर लिहिला हे विचारायची आपल्यात रीत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "ज्याच्याकडून घेतली त्याने याच नावाने दिली." त्याला विचारावं तर त्यानेही कुणाकडून तरी त्याच नावाने घेतलेली असते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा प्रकार. फरक इतकाच की इथे सोनूबाईचे पैसे आधी मोजून झालेले असतात.

ओळख पटवणं आणि भाव लावणं ही दोन कामं आपण एकात कालवून टाकली आहेत. ती वेगळी करा आणि पैसे नावाला न देता पुराव्याला द्या, एवढं मागणं घेऊन मी आलोय.

पत्र मराठीत लिहायला कारण आहे. काळ्या आणि नारिंगी पट्ट्यांची जी गोम या छंदात 'टायगर' म्हणून मिरवते, ती स्कोलोपेंड्रा या मोठ्या गोमांच्या वंशातली हार्डविकी, दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली. ती हवी असणाऱ्या युरोपीय संग्राहकाला कुणीतरी भारतीय ओळखीचा लागतो. "तू भारतातला ना? सुट्टीत जाशील तेव्हा दोन-चार आणता येतील का?" हा प्रश्न मला अनेकदा आलाय, आणि तो एकट्या मलाच येत असेल असं मला वाटत नाही. त्याचं उत्तर पुढे देतो. आधी नावांचा घोळ बघू.

नावं बदलतात, आणि ती बदलली की बाजार हलतो. व्हिएतनाम-थायलंडकडून येणाऱ्या मोठ्या, तांबूस-तपकिरी गोमा कितीतरी वर्षं 'सबस्पिनिपेस' या एकाच नावावर खपल्या. २०१२ साली अभ्यासक क्रॉनम्युलर यांनी सबस्पिनिपेसच्या उपजातींचा आढावा घेतला आणि देहानीसारख्या काहींना स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. त्यानंतरही जुन्या पट्ट्या तशाच राहिल्या, आणि आजही दोन्ही नावं एकाच गोमेला आलटून पालटून लावलेली सापडतात. दक्षिण अमेरिकेतल्या थोराड गोमांचं तर विचारूच नका. 'गिगांटिया' हे नाव लिनेयसचं, १७५८ सालचं. 'गालापागोएन्सिस' बोलमन यांचं, १८८९ सालचं. या दोघींची सरमिसळ इतकी झाली होती की २००० साली शेली आणि किसर यांना गिगांटियासाठी निओटाइप, म्हणजे नावाला बांधून ठेवणारा नवा प्रमाण-नमुना, ठरवावा लागला आणि गालापागोएन्सिस वेगळी काढून दाखवावी लागली. जन्मभर गोमाच बघणाऱ्यांना जिथे एवढा काळ लागला, तिथे सकाळी दहा वाजता डबीवर एक नजर टाकून जात सांगणाऱ्यांचं मला खरोखर कौतुक वाटतं.

आपण ओळखतो ती रंगावरून, आणि रंगासारखा लबाड दुसरा कुणी नाही. पिल्लांचा रंग वेगळा, मोठ्यांचा वेगळा. कात टाकायच्या आधी रंग मळकट होतो आणि टाकल्यावर उजळतो. एकाच जातीत मुलुखागणिक रंग बदलतो. अमेरिकेतली स्कोलोपेंड्रा हेरोस घ्या. एका भागात अंग काळं आणि डोकं तांबडं, दुसऱ्या भागात अंग तांबडं-नारिंगी आणि डोकं-शेपूट काळं, आणि तरी जात एकच. आपल्याकडे पावसाळ्यात न्हाणीघरात निघते ती मॉर्सिटान्स जगभरच्या उष्ण मुलखात पसरलेली आहे. ती कुठे पिवळसर अंगावर गडद आडव्या पट्ट्या घेऊन फिरते, कुठे नुसती तपकिरी, कुठे हिरवट. ठळक पट्ट्यांची मॉर्सिटान्स, चांगला दिवा आणि फोनमधला रंग खुलवणारा फिल्टर, एवढ्या भांडवलावर छायाचित्रात 'हार्डविकी' उभी करता येते. असे फोटो मी बघितलेत, आणि त्याखाली "किती येतील?" असं विचारणारेही.

मग ओळखायचं कशावरून? यासाठी नवा शोध लावायला नको. जॉन लुईस यांनी २०१० साली जुन्या जगातल्या, म्हणजे अमेरिका खंड सोडून बाकीच्या, स्कोलोपेंड्रा जातींची ओळख-किल्ली, म्हणजे एकेक खूण तपासत जात ठरवायची यादी, प्रसिद्ध केली. आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवरच्या जातींवर सिरिवुत, एजकॉम्ब आणि पान्हा यांचं २०१६ चं काम आहे. दख्खनच्या स्कोलोपेंड्रिडी कुळावर जंगी आणि दास यांनी १९८४ सालीच लिहून ठेवलंय. या सगळ्यांत रंग दुय्यम असतो. मिशांना पेरं किती आणि त्यांतली बुडाकडची किती पेरं गुळगुळीत, विषाच्या नांग्यांच्या मुळाशी असलेल्या पट्ट्यांवर दात किती, पाठीवरच्या कितव्या कवचापासून कडेला उठावदार काठ सुरू होतो, शेवटच्या खंडाच्या बगलेतल्या टोकावर काटे किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या पायाच्या बुडाकडच्या जाड भागावर काटे किती आणि कुठे. सबस्पिनिपेस आणि देहानी यांच्यातला बराचसा निकाल या शेवटच्या पायाची खालची बाजू बघितली की लागतो.

आणखी एक सोपी खूण. पुष्कळदा जी 'मोठी भारतीय स्कोलोपेंड्रा' म्हणून पुढे येते ती मुळात स्कोलोपेंड्राच नसते. पायांच्या सातव्या जोडीच्या खंडावर बाजूला श्वासरंध्र आहे का ते बघा. एथ्मोस्टिग्मस आणि ऱ्हिसिडा या गोमांच्या दुसऱ्या वंशांना ते असतं, स्कोलोपेंड्राला नसतं. भिंग आणि पाच मिनिटं, एवढंच लागतं.

"जिवंत गोमेच्या पोटाखालचे काटे मोजायचे कसे?" हा प्रश्न रास्त आहे. चावा जीवघेणा क्वचितच होतो, पण कळ अशी की माणूस रात्र बसून काढतो, आणि गोमेच्या विषावर बाजारात प्रतिविष मिळत नाही. बेशुद्ध करून बघणं हौशी माणसाचं काम नव्हे. त्याची गरजही नाही. गोम स्वतःच आपली पूर्ण नक्कल करून देते, ती म्हणजे कात.

गोम कात टाकते तेव्हा डोक्याचं कवच पहिल्या पाठ-कवचापासून सुटतं आणि ती पुढून बाहेर सरकते. मागे राहते ती चुरगळलेली, दोन-तीन सेंटिमीटरची गुंडाळी. बऱ्याच जणी ती खाऊन टाकतात, त्यामुळे दिसल्या दिसल्या लांब चिमट्याने उचलायची. मात्र गोम अजून मऊ असेल तर तिला धक्का लागू द्यायचा नाही. ती कात बशीत कोमट पाण्यात, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकून, पाऊण तास ठेवा. मग मऊ कुंचल्याने मागच्या टोकाकडून हळूहळू उलगडा. घाई केली तर मिशा तुटतात. शेवटचे दोन पाय सुटे दिसायला लागले की पांढऱ्या कागदावर घ्या आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. काटे मातकट रंगाचे, टोकाला गडद असतात, आणि उजेड बाजूने पाडला की त्यांच्या सावल्या मोजता येतात. वरची, आतली, खालची अशी प्रत्येक बाजू मोजा, दोन्ही पायांवर. मग मिशांची पेरं, तीही दोन्ही बाजूंची. पुढे ती कात सत्तर टक्के अल्कोहोलच्या छोट्या कुपीत टाका, आत पेन्सिलीने तारीख लिहिलेला कागद सोडा, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. एवढं केलं की तुमच्या गोमेचा कायमचा दाखला तयार झाला. गोम मेली, विकली, पळाली तरी तो राहतो.

दोन्ही बाजू मोजायला का सांगतोय? गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही असं आपण म्हणतो. तुटलेला पाय पुढच्या कातींबरोबर परत उगवतो, पण तो मुळासारखा असेलच असं नाही. आधी बारीक, फिका, आणि काट्यांची संख्या किंवा मांडणी भलतीच. मिशांचंही तसंच, पेरं कमी-जास्त भरतात. दोन्ही बाजू जुळत नसतील तर एक बाजू पुन्हा उगवलेली आहे हे समजायचं आणि त्या बाजूवरून जात सांगायची नाही. 'नवीच जात आहे, काटे बघा किती वेगळे!' अशी आरोळी ठोकून चढ्या भावाने विकलेल्या एका गोमेचा पाय नुसता अर्धवट उगवलेला होता. घेणाऱ्याने पुढची कात मला दाखवली तेव्हा काटे नेहमीसारखे झाले होते. विकणारा अप्रामाणिक होता असं मी म्हणत नाही. त्याने एकच बाजू मोजली होती, झालं.

आता त्या दोन अक्षरांकडे येतो. 'डब्ल्यूएफ' म्हणजे रानातून पकडलेली, 'एनझेड' म्हणजे पाळीव अवस्थेत पैदास झालेली. इंग्रजी पट्ट्यांवर डब्ल्यूसी आणि सीबी. 'एनझेड'ला जास्त भाव मिळतो आणि तो मिळायलाही हवा. पण आपल्यात एक पळवाट सर्रास वापरली जाते. रानातून पोटुशी मादी येते, डबीत अंडी घालते, आणि पिल्लांवर 'एनझेड'ची पट्टी लागते. पिल्लं डबीत जन्मली हे खरंच, पण त्यांचा बाप डोंगरातच राहिला आणि पुढच्या पिढीसाठी पुन्हा डोंगरातूनच मादी उचलायची आहे. याला पैदास म्हणत नाहीत. दोन्ही आईबाप तुमच्याकडे असतील, नराने जाळं विणून त्यावर ठेवलेली शुक्राणूंची पुडी मादीने तुमच्याच डबीत उचलली असेल, आणि त्याआधी दोघांनी एकमेकांना खाल्लं नसेल, तर ती पैदास. ज्यांनी हे करून बघितलंय त्यांना ते किती अवघड आहे हे मी सांगायला नको.

म्हणूनच भावाचा हिशोब उलटा झालाय असं माझं मत आहे. आई अंड्यांभोवती वेटोळं करून कित्येक आठवडे बसते, ती चाटून बुरशी लागू देत नाही, आणि या काळात डबी हलली तर स्वतःच अंडी खाऊन टाकते. पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत तिच्याजवळच राहतात. त्यानंतर एकत्र ठेवली तर एकमेकांना संपवतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी, वेगळं बारकं भक्ष्य, वेगळं पाणी. वयात यायला वर्षं जातात. हे सगळं करणाऱ्याच्या टेबलावर दोन इंची पिल्लू असतं. शेजारच्या टेबलावर कालच्या पार्सलमधून आलेली, हातभर दिसणारी रानातली मादी असते. गर्दी तिच्याभोवती. लांबीला भाव, कष्टाला नाही. लांब गोम जास्त दिवस जगेल असंही नाही. रानातली मोठी गोम किती वर्षांची आहे हे तिच्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही, आणि तिच्या पोटात काय काय परजीवी आहेत हेही नाही.

मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. पिल्लांना स्वतंत्र नाव देतच नाही, कारण पिल्लाची जात काटे मोजून ठरवणं धोक्याचं. प्रत्येक पिल्लाबरोबर आईच्या आणि बापाच्या कातीचे फोटो देतो: शेवटचे पाय वरून, खालून, आतून, आणि डोकं खालच्या बाजूने. आईबापांच्या कातीवरून नाव निघत असेल तर नाव. आणि दोन नावांत शंका असेल तर? तर त्यातल्या स्वस्त नावाचा भाव. हा नियम ऐकून पुष्कळ जण हसतात. पण विचार करा: शंका विकणाऱ्याच्या मनात आहे, तर तिचा भुर्दंड घेणाऱ्याने का सोसायचा? हा नियम लावला की विकणारा आपोआप भिंग विकत घेतो. साधं भिंग पंधरा-वीस युरोत येतं.

'मलेशियन ज्वेल', 'चेरी रेड' असली टोपणनावं मला खटकत नाहीत. टोपणनाव हे टोपणनाव आहे हे पट्टीवर दिसलं म्हणजे झालं. 'स्कोलोपेंड्रा, जात ठरलेली नाही, अमुक देश, रंग असा' ही पट्टी कुठल्याही भपकेबाज लॅटिन नावापेक्षा मला जास्त विश्वासाची वाटते. खटकतं ते नव्या नावाच्या मागे लागणं.

२०१६ सालचं उदाहरण घ्या. सिरिवुत आणि सहकाऱ्यांनी स्कोलोपेंड्रा कॅटॅरॅक्टाचं वर्णन केलं, पाण्यात पोहणारी गोम म्हणून जगभर बातम्या झाल्या. तेव्हा विज्ञानाला तिचे माहीत असलेले नमुने होते चार: लाओसमधले दोन, थायलंडमधला २००१ चा एक आणि व्हिएतनाममधून १९२८ साली गोळा केलेला एक. चार! आणि त्यानंतर कुठल्याही काळपट-हिरव्या गोमेवर ते नाव चिकटवायला आपण मोकळे झालो. पुढे २०२१ मध्ये जपानच्या र्युक्यू बेटांवरून आणि तैवानमधून स्कोलोपेंड्रा अल्कायोनाचं वर्णन झालं. पाचूच्या रंगाची, वीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारी, ओढ्यात शिरून शिकार करणारी. जपानमधून या वंशातली नवी जात तब्बल १४३ वर्षांनी निघाली होती. आनंद साजरा करायचं सोडून सरकारला त्याच वर्षी तातडीने तिला संरक्षण द्यावं लागलं. कशापासून, हे मी सांगायला हवं का? आपल्यापासून.

बाजारामुळे रानात किती गोमा उरतात याची पुरेशी गणती झालेली नाही, म्हणून पालींचं सांगतो. आग्नेय चीनमधल्या गोनिउरोसॉरस लुई या पालीचं वर्णन १९९९ साली झालं. परदेशी बाजारात एकेक पाल दीड-दोन हजार डॉलरला गेली, आणि ज्या ठिकाणाहून तिचं वर्णन झालं तिथून ती काही वर्षांत नाहीशी झाली. यामुळे ठिकाणाच्या बाबतीत माझी जरा पंचाईत होते. ओळखीसाठी ठिकाण फार मोलाचं. कुठल्या डोंगररांगेतली गोम आहे हे कळलं तर निम्मी नावं आपोआप गळतात. पण नेमकं ठिकाण पट्टीवर छापणं म्हणजे चोराला पत्ता देणं. माझा तोडगा असा: पट्टीवर देश आणि मोठा प्रदेश, बारीक तपशील तुमच्या वहीत, आणि तो फक्त अभ्यासकाला. ज्याला तो बारीक तपशील खरेदीदारासमोर मिरवायला हवा असतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

आता त्या प्रश्नाचं उत्तर: "सुट्टीत दोन-चार आणता येतील का?"

नाही. भारताच्या २००२ च्या जैविक विविधता कायद्याचं तिसरं कलम सांगतं की परदेशी नागरिकाला, आणि आयकर कायद्यानुसार अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकालाही, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापारासाठी वा संशोधनासाठी भारतातली जैविक संसाधनं घेता येत नाहीत. म्हणजे पासपोर्ट निळा असला तरी मी त्यात येतो, आणि तुमच्यातले अनेक जण येतात. जे भारतातच राहतात त्यांनाही व्यापारासाठी घ्यायचं तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे. "पण गोम सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत नाही" हा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे. खरं आहे, सायटीसच्या परिशिष्टांत टॅरंटुला आहेत, एम्परर विंचू आहेत, गोम नाही. त्याचा अर्थ एवढाच की जर्मनीच्या सीमेवर सायटीसचा कागद कुणी मागत नाही. अमेरिकेत लेसी कायदा आहे: दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेला जीव तिथे आणणं आणि विकणं हाही गुन्हा. युरोपीय संघात तसा सरसकट कायदा नाही. या फटीतून आपला बाजार चालतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे आणि आपण ते एकमेकांत बोलत नाही. म्हणून हार्डविकीच्या डबीवर 'डब्ल्यूएफ, भारत' असं बिनदिक्कत लिहिलेलं दिसलं की मी विकणाऱ्याला एकच विचारतो: परवानगीचा कागद आहे का? राग येतो लोकांना. येऊ दे.

कोकणातल्या, घाटावरच्या पोरांनाही दोन शब्द. दगड उलटायची हौस मला समजते, माझीही तिथूनच सुरू झाली. २०१८ साली जान्हवी जोशी आणि ग्रेगरी एजकॉम्ब यांनी एका गोमेचं नाव एथ्मोस्टिग्मस सह्याद्रेन्सिस ठेवलं. आपल्या डोंगराचं नाव घेतलेली गोम आहे ती. त्याच अभ्यासातून प्रवीणी ही आणखी एक नवी जात निघाली. त्याआधी २०१३ मध्ये पश्चिम घाटातल्या डिजिटिपेस वंशाची तपासणी झाली, तेव्हा एका जातीला वर आलेल्या दख्खनच्या अभ्यासातल्या जंगींचं नाव मिळालं. म्हणजे तुमच्या पायाखाली जे आहे त्याची यादी अजून पुरी व्हायची आहे. बाहेरून कुणी "ही मोठी निळसर पायांची मिळेल का, चांगले पैसे देतो" म्हणाला तर तो तुमच्याकडून गोम घेणार नाही, अभ्यासकाच्या हातात पडायच्या आधी ती जात घेणार आहे. फोटो काढा, मेलेली सापडली तर अल्कोहोलमध्ये ठेवा, तारीख आणि जागा लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या माणसाला दाखवा. दगड होता तसा परत ठेवा.

"लोक चपलेने मारतात तेव्हा कुणी काही बोलत नाही, मग आम्ही चार उचलल्या तर काय?" हेही मी ऐकलंय. न्हाणीघरात मारली जाते ती बहुतेक मॉर्सिटान्स, अर्ध्या जगात पसरलेली. बाजाराला हवी असते ती दोन डोंगरांपुरती, आणि त्यातही पोट फुगलेली मादी, कारण एका डबीत वीस पिल्लांचा नफा. या दोन्हींत काही साम्य नाही.

आणखी एक आक्षेप जुन्या मित्रांकडून येतो: हा छंद आहे, प्रबंध नव्हे, प्रत्येकाने काटे मोजत बसायचं का? मोजायचे नसतील तर नका मोजू. ज्याला नुसती देखणी गोम हवी त्याने रंग बघून घ्यावी, सुखाने पाळावी, टोपणनावाने हाक मारावी. पण मग पैसेही रंगाचे द्यावेत, नावाचे नव्हेत. नावाचे पैसे घेणाऱ्याने मात्र काटे मोजलेच पाहिजेत.

बाजार भरवणाऱ्या मंडळींकडे माझी एक छोटी मागणी आहे. टेबल देताना विक्रेत्याकडून भाड्याबरोबर एवढं लिहून घ्या: गोमेच्या पट्टीवर पैदास झाली की रानातली की रानातल्या मादीची पिल्लं, या तिन्हींपैकी एक स्पष्ट लिहिलेलं असेल. नावं तपासायला तुमच्याकडे माणसं नाहीत, हे मान्य. ही तीन खणांची पट्टी तपासायला मात्र तज्ज्ञ लागत नाही.

आणि ज्यांच्या घरी 'हार्डविकी' म्हणून घेतलेली मोठी गोम आहे त्यांनी पुढची कात हातची जाऊ देऊ नका. वर सांगितल्याप्रमाणे भिजवा, उलगडा, आणि चार फोटो काढा: शेवटचे दोन पाय वरून आणि खालून, डोकं खालून, एक मिशी पूर्ण. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. मला पाठवलेत तर मी बघून सांगेन, पैसे घेणार नाही. नाव निघालं तर कुठल्या किल्लीने आणि कुठल्या खुणेवरून निघालं ते कळवेन. नाही निघालं तर 'नाव निघालं नाही' असंच लिहून देईन, आणि पुढे विकताना तोच कागद डबीबरोबर द्यावा ही विनंती.

आपला,
एक गोमपालक